जमालची वसीका

जमाल ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पास झाला ती सकाळ मला आजही मिनिटामिनिटाने आठवते. त्याच सकाळी, त्याच गाडीत मी नापास झालो. पण त्याचं दुःख करायला त्या दिवशी सवडच मिळाली नाही.

साल १९९९, एप्रिल महिना. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या प्लास्टिक पाइपच्या एका कंपनीत मी क्लार्क होतो आणि जमाल स्टोअरकीपर. तो पॅलेस्टिनी. आजोबांचं घर जाफाला, ह्याचा जन्म गाझात, शाळा कुवेतला, नोकरी शारजात आणि आई अम्मानला बहिणीकडे. इतकी गावं, पण पासपोर्ट एकाही गावाचा नाही. त्याच्याकडे होती ती वसीका. पॅलेस्टिनी निर्वासितांना मिसर देशाने, म्हणजे इजिप्तने, दिलेलं प्रवासाचं पुस्तक. दिलं मिसरने, पण ते दाखवून मिसरमध्ये राहता येत नसे. तिथे जायचं तरी व्हिसा लागे. हे मला समजायला दोन वर्षं लागली, आणि समजल्यावरही एकदा मी घोटाळा केलाच. तो पुढे येईल.

त्या वेळी आमच्यासारख्यांना ओळख दाखवायची म्हणजे पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाच्या पानासकट. अस्सल पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. माझ्या झेरॉक्सचे घड्या पडून चार तुकडे झाले होते, तरी ती बँकेत, दवाखान्यात, टेलिफोनच्या ऑफिसात चालायची. भारतीय पासपोर्ट सगळ्यांच्या नजरेतला. जमालची झेरॉक्स मात्र कुठेच चालत नसे. फ्री झोनचा गेटपास होता, पण गेटाबाहेर त्याला कोण विचारतो! म्हणून मॅनेजरच्या मागे लागून त्याने एकट्यानेच वसीका स्वतःजवळ ठेवायची परवानगी मिळवली होती. प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत, बनियनला कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, शिवून दिलेल्या कप्प्यात. वसीकेचा रंग कधीकाळी निळा असावा.

शारजाला लागून असलेल्या अल कुसैसला आमच्या इमारतीखाली व्हिडिओ लायब्ररी होती. जमाल दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा, तेव्हा एकदा म्हणाला, आज मी मेंबर होतो. मालकाने वसीका उलटीपालटी केली.

"ये तो ठीक है भाई, लेकिन पासपोर्ट किधर है?"

"यही है."

"इसमें लिखा है ट्रॅव्हल डॉक्युमेंट. पासपोर्ट बोलो, पासपोर्ट."

"हबीबी, ये पासपोर्ट का सौतेला भाई है. घर एक ही, खाना अलग."

दुकानातली माणसं हसली, मालकही हसला, आणि मेंबर मात्र मलाच केलं. जमालने माझ्या नावावर पाच वर्षं सिनेमे पाहिले. असं सगळीकडे. दर काउंटरवर तो आजोबांपासून सुरुवात करायचा. मागची रांग खोळंबायची, तो घामाघूम व्हायचा, पण आवाज कधी चढवायचा नाही.

खरी अडचण वेगळीच होती. दर काही वर्षांनी वसीका नूतनीकरणाला द्यावी लागे. कागद लांब जाऊन येत, त्यात दोन-तीन महिने सहज जात. मागच्या खेपेला ती गेली तेव्हा जमाल अकरा आठवडे खोली आणि कंपनी एवढंच करत राहिला. वाटेत कुणी विचारलं तर दाखवायचं काय? त्यातच अम्मानहून आईचं रजिस्टर्ड पार्सल आलं. पोस्टात ओळखीचा अस्सल कागद हवा, नियमच तसा. जमाल चार वेळा गेला, हात हलवत परत आला. मुदत संपली आणि पार्सल आल्या वाटेने अम्मानला गेलं. आईला वाटलं, मुलगा पत्ता बदलून कुठेतरी निघून गेला. फोनवर ती रडली म्हणे.

आता पुन्हा नूतनीकरणाची तारीख आली होती. वसीका गेली तरी मागे हाताशी राहील असं एकच कार्ड जमालला मिळण्यासारखं होतं, ते म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स. फोटो, नाव, सरकारचा शिक्का. गाडी घ्यायची त्याची ऐपत नव्हती आणि इच्छाही नव्हती. त्याला ते कार्ड हवं होतं. आईलाही त्याने सांगून ठेवलं होतं, कार्ड हातात येईपर्यंत काही पाठवू नकोस.

मीही लायसन्सच्या मागे होतो, म्हणून दोघांनी एकदमच फाइल उघडली. इंग्रजी अक्षर माझं बरं, म्हणून टायपिंगच्या दुकानात न जाता दोघांचे फॉर्म मीच भरले.

शिकवायला हमदुल्ला नावाचा पठाण होता. मला तो मास्टर म्हणायचा, चष्म्यामुळे असावं. रत्नागिरीला मी सहकारी संस्थेची जीप आठ वर्षं चालवली होती, त्याचा मला फार अभिमान. पण तिकडे स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. इथे सगळं उलट. गिअर बदलायची वेळ आली की माझा डावा हात आपसूक खाली जायचा आणि दाराच्या काचेचं हँडल धरायचा.

"मास्टर, कल से ये हाथ घर छोड़ के आना," हमदुल्ला म्हणायचा. "भाभी को बोलना, इससे सब्जी कटवाए."

जमालचं दुखणं निराळं होतं. तो चालवायचा छान, पण राउंडअबाउटवर थांबला की थांबलाच. चारी बाजूंनी रस्ता रिकामा असला तरी पाय ब्रेकवर. कुणीतरी जा म्हणेल याची वाट बघत.

"ओ जमाल! रास्ता खाली है! किसका इंतज़ार है? इधर भी वीज़ा लगेगा क्या?"

जमाल हसायचा, पण ह्याच कारणाने तो दोनदा नापास झाला. तिसरी तारीख मिळाली ती वसीका जमा करायच्या बरोब्बर आदल्या दिवशीची. ती चुकली तर पुढची तारीख जूनमध्ये, आणि फाइलला चालू वसीका लागणार. म्हणजे एकच संधी.

सकाळी साडेसहाला आम्ही शारजाच्या टेस्टच्या मैदानात उभे. जमालने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि छातीवरचा तो चौकोनी फुगवटा दर दोन मिनिटांनी चाचपत होता. एका गाडीत चार उमेदवार, पुढे इन्स्पेक्टर. पहिलं नाव माझं!

बसलो, पट्टा लावला, आरसा पाहिला. निघालो. पहिला गिअर झकास. दुसऱ्याला डावा हात खाली गेला, हँडल फिरवलं आणि काच भर्रकन खाली. गरम वारा आत आला, इन्स्पेक्टरच्या मांडीवरचे कागद फडफडले. घाबरून मी काच वर करायला लागलो, तर गाडी आचके देत बंद.

इन्स्पेक्टरने शांतपणे कागद गोळा केले. त्याला हिंदी छान येत होती. "चाचा, हवा खाने आए हो?"

मागे तिघे तोंडावर हात धरून बसले होते. खलास. मी मागे, जमाल पुढे.

त्याने गाडी अशी काढली की कपातला चहा सांडू नये. सिग्नल, वळण, मागून भोंगा वाजवत आलेला पाण्याचा टँकर, सगळं निभावलं. आणि मग समोर राउंडअबाउट. जमालने वेग कमी केला. डावीकडे पाहिलं. रिकामा. मी मागून मनातल्या मनात ओरडत होतो, जा रे बाबा, जा, कुणी अडवत नाही! गाडी जवळजवळ थांबलीच. इन्स्पेक्टरने पेन उचललं. मला जमालची मान दिसत होती, तिच्यावरून घामाचा एक थेंब कॉलरमध्ये उतरला.

आणि जमालने पाय उचलला! गाडी गेली. गोल फिरून, बरोबर लेन धरून, दुसऱ्या बाजूला बाहेर पडली. मी टाळी वाजवणार होतो, शेजारच्या मुलाने माझा हात धरला.

"पास," इन्स्पेक्टर म्हणाला आणि चिठ्ठी फाडून दिली.

हमदुल्लाने जमालला उचललंच. मैदानात, सगळ्यांसमोर, पायाखालची जमीन सुटेपर्यंत. "आज चाय मेरा! मास्टर का भी! मास्टर ने पोलीस को हवा खिलाई!"

लायसन्सचं काउंटर दुपारी दीडला बंद होणार होतं. आम्ही धावतच गेलो. फोटो, सही, बाकावर बसून वाट. सव्वाबाराला नाव पुकारलं. जमालने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. प्लास्टिक अजून कोमट होतं. त्याने ते वाचलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं फोटो वाईट आला असेल.

"गणूभाई, ये मैं नहीं."

"अरे, तूच तर आहेस!"

त्याने बोट ठेवलं. राष्ट्रीयत्व: मिसर.

माझे कान तापले. वसीकेच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात मिसरचं नाव होतं, ते पाहून मी फॉर्मात तसंच लिहिलं होतं. आपल्या पासपोर्टवर भारत लिहिलेलं असतं, आपण भारतीय. माझं डोकं तेवढंच चाललं. जमालने माझ्यावर विसंबून न वाचता सही केली होती.

"चालून जाईल रे," मी म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटलं.

"नहीं. वसीका में फिलिस्तीनी, कार्ड में मिसरी. दोनों साथ देखेगा तो बोलेगा एक झूठा है. कौन सा झूठा है, मेरे को पूछेगा नहीं." मग हळूच म्हणाला, "और मैं मिसरी नहीं है, गणूभाई. अच्छा लोग है. लेकिन मैं नहीं है."

पुन्हा रांग धरली. नंबर आल्यावर काउंटरवरच्या माणसाने फाइल पाहिली. फॉर्मवर जे आहे तेच कार्डावर आहे. दुरुस्तीला कंपनीचं पत्र आणि अस्सल कागद लागेल, परवा या. परवा! उद्या सकाळी वसीका जमा व्हायची होती. एक वाजून गेला होता.

मी जन्मात कधी काउंटरवर वाद घातलेला नाही. हॉटेलात भाजी खारट निघाली तरी मी गुमान खातो. पण त्या वेळी तोंडातून निघून गेलं, "सर, मिस्टेक मेरा है. फॉर्म मैंने लिखा. ये अक्षर मेरा है, देखिए, मेरा फॉर्म भी सेम."

"तुम कौन?"

तेवढ्यात मागच्या दारातून चहाचा कप घेऊन सकाळचा इन्स्पेक्टर आला. मला बघताच त्याच्या कपातून चहा सांडला.

"हवावाला चाचा!" आणि काउंटरवाल्याला अरबीत रंगवून सगळं सांगायला लागला, डाव्या हाताने हँडल फिरवून दाखवत. खिडकीतली तिन्ही माणसं हसायला लागली. माझं हसं झालं म्हणून मी इतका खूश आयुष्यात कधी झालो नव्हतो. हसणं ओसरल्यावर इन्स्पेक्टरने विचारलं, काम काय आहे? जमालने शर्टाचं बटण काढलं, पिशवी काढली, वसीका खिडकीतून आत सरकवली.

इन्स्पेक्टरने ती उलटीपालटी केली नाही. पहिल्या पानापासून वाचली. जुने व्हिसे, नवे व्हिसे, कुवेतचे शिक्के, शारजाचे शिक्के. वडिलांचं नाव, जन्मगाव. मग मान वर करून एवढंच विचारलं, "तू ही है ना, राउंडअबाउट पे रुकने वाला?"

"आज नहीं थांबा," जमाल म्हणाला. आमच्यात राहून एखादा मराठी शब्द त्याच्या तोंडी बसला होता.

इन्स्पेक्टरने फॉर्मवर लाल पेनाने दुरुस्ती केली, सही केली, आणि माझीही सही घेतली. फॉर्म भरणारा म्हणून. एक वाजून बावीस मिनिटांनी दुसरं कार्ड आलं. जमालने वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं, आणि मला मिठी मारली. त्याच्या छातीवरची वसीका माझ्या बरगडीत रुतली.

बाहेर टेलिफोन-कार्ड घालून बोलायचा सार्वजनिक फोन होता. जमालने अम्मानला फोन लावला. पलीकडून आई बोलायच्या आत हा ओरडला, "यम्मा, पाठव! पाठव आता!" अरबी मला येत नाही, पण तेवढं कळलं. हमदुल्ला शेजारी उभा राहून रिसीव्हरमध्ये ओरडला, "अम्मी, पास!" त्या माऊलीला काय समजलं कोण जाणे, फोनमधून तिचं हसू मला ऐकू आलं.

वसीका दुसऱ्या दिवशी गेली. मे महिन्यात पोस्टाची चिठ्ठी आली. जमाल म्हणाला, गणूभाई, सोबत चल, तू असलास की बोलायला धीर येतो. रांगेत उभा राहून तो पुटपुटत होता. आजोबा जाफाचे, जन्म गाझात, वसीका नूतनीकरणाला गेली आहे, ही पावती, हे कार्ड. सगळं पाठ.

नंबर आला. त्याने कार्ड पुढे केलं आणि श्वास घेतला. पोस्टातल्या माणसाने नंबर उतरवला, कार्ड परत केलं, पार्सल काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "नेक्स्ट."

जमाल हलेचना. मी त्याला ओढत बाहेर आणलं.

"उसने पूछा ही नहीं!" तो म्हणाला. "गणूभाई, कुछ पूछा ही नहीं!"

पार्सल डोक्यावर धरून, बस स्टॉपपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगत सुटला. रात्री कुंदाच्या चपातीवर त्याच्या आईने पाठवलेला जातर पसरला, मेतकुटासारखी हिरवट पूड, वर तेल. जमालने पहिला घास घेतला आणि भरल्या तोंडाने पुन्हा म्हणाला, "वहिनी, पूछा ही नहीं."