गॅरेजच्या फरशीचा अर्ज

माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु तालुक्याच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली लोखंडी टेबल मांडून मी सत्तावीस वर्षे अर्ज लिहिले आणि त्या काळात माझ्या मसुद्यात पदवीधर कारकुनालाही वावगा शब्द सापडला नाही. हे बढाईने सांगत नाही. पुढील हकिकत कळण्यास आवश्यक आहे, म्हणून नमूद करतो.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला, कडुलिंब गेला आणि त्यासोबत माझी जागाही गेली. लोक तसेही अलीकडे संगणकाच्या दुकानांकडे वळले होते. त्याच सुमारास माझ्या मुलाने घराच्या रस्त्याकडील बाजूस गॅरेज बांधावयास घेतले. तो घुग्घुसकडील कोळसा खाणीत कामाला आहे. सकाळी मोटार घेऊन निघतो, तो सायंकाळी परततो. म्हणजे दिवसभर ते गॅरेज रिकामे राहणार होते. रस्त्यालगत, डोक्यावर छप्पर. आपले टेबल तेथे मांडायचे, हे मी पहिल्याच दिवशी मनाशी पक्के केले. मुलाला मात्र बोललो नाही. ज्याच्यापुढे अर्ध्या तालुक्याने गाऱ्हाणी मांडली, त्याने आपल्याच पोराकडे टेबलापुरती जागा मागावी, हे माझ्या जिभेवर येईना.

फरशी कोणती घालावी, हे त्यानेच मला विचारले. "बाबा, तुमीच पाहा. मले वेळ नाई."

हा अधिकार मी गांभीर्याने घेतला. तीन दिवस चंद्रपूरची दुकाने हिंडलो. सिमेंटचा कोबा चाकांखाली उकलतो, त्याची भुकटी सुटते. चकचकीत टाईल ओल्या पायाला दगा देते, आणि खाली पोकळ राहिली तर वजनाने तडकते. जाड शहाबादी मात्र खडबडीत, थंड. माणसाने तासभर मांडी घालून बसावे अशी. जंगलातल्या गावांतून वनहक्काच्या दाव्यांसाठी येणारी माणसे जमिनीवरच बसतात. खुर्ची पुढे केली तरी संकोचतात. शहाबादीचा एक तुकडा नमुना म्हणून पिशवीत घालून आणला.

नंतर मुलाच्या नावे रीतसर अर्ज लिहिला. बोलण्याला फाटे फुटतात, कागदाला फुटत नाहीत, असा माझा अनुभव. विषय : गॅरेजकरिता टिकाऊ फरशीबाबत. फरशीने मोटारीचे वजन सोसावे, तेलाचा डाग धरू नये, कोळशाची काळी धूळ एका पाण्यात निघावी, खालून ओल चढू नये. सबब शहाबादी घालणे इष्ट. शेवटी हाताच्या सवयीने लिहून गेलो, "तरी आपणांस योग्य वाटेल तो निर्णय व्हावा, ही विनंती." टेबलाचा उल्लेख कोठेही केला नाही. शहाबादी पडली की टेबल आपोआप आत जाईल, अशी माझी समजूत होती.

मुलाने अर्ज शेवटपर्यंत वाचला. माझे लिहिलेले त्याने शेवटपर्यंत वाचल्याचे मला तरी दुसरे उदाहरण आठवत नाही.

त्यानंतर मी आठवडाभर सिरोंच्याला नात्यातल्या लग्नासाठी गेलो. परतलो, तेव्हा गॅरेजच्या जमिनीवर फरशीऐवजी कसल्याशा रसायनाचा ओतलेला, काचेसारखा चकाकणारा राखाडी थर होता. मिस्त्री बाहेर बादली विसळत होता.

"शहाबादी तेल पिते, बाबा. डाग जात नाई," मुलाने समजावले. "मिस्त्री म्हने, कागदात जे जे लिवलं हाये ते सारं ह्याच्यातच भेटते."

मी घरामागून टेबल उचलून आणले. त्याचा एक पाय आखूड आहे. तो जमिनीला टेकण्याआधीच मुलाने टेबल धरले.

"हे काऊन आनलं?"

"दिवसा मी येथे बसणार."

"इथी? लोखंडाच्या पायानं चरे पडते, बाबा. एकदा थर उकलला का सारा जाते. अन् लोकं चिखलाच्या पायानं येतीन."

"जागा दिवसभर रिकामीच राहणार आहे."

"मंग अर्जात काऊन नाई लिवलं?" त्याचा आवाज चढला नव्हता, हे अधिक लागले. "तुमीच तं लोकायवर खेकसता, मागनी पयल्या वळीत लिवा म्हनून."

मिस्त्रीने मान वर केली नाही. "कागद तं लय झकास होता, भाऊ," एवढेच म्हणाला.

खेकसत असे, हे खरे. पन्नास ओळी रडून मूळ मागणी गिळून बसणाऱ्या माणसांचा मला मनस्वी तिटकारा होता.

आता मी गॅरेजसमोरच्या उतारावर बसतो. टेबलाच्या आखूड पायाखाली शहाबादीचा तो नमुना घातला आहे. दुपारी ऊन टेबलावर येते, तेव्हा कागद मांडीवर घेतो. पाठीमागे फरशी चकाकत असते. तिच्यावर अजून डाग नाही, चरा नाही.

परवा वनहक्काच्या दाव्यासाठी एक म्हातारी आली. चपला काढून उभी राहिली, आत डोकावली.

"भाऊ, आत सावली हाये. आत काऊन नाई बसत?"

"आत मोटार राहते, बाई."

"मोटार तं दिसत नाई."

मी पेनाचे टोपण काढले. "तुमची मागणी काय, ते आधी सांगा," म्हटले.