मरोद्याचा पहिला साहू

आजही दारात पोस्टमन दिसला की मला ते पोस्टकार्ड आठवतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत निनावी कार्डं मी शेकड्यांनी वाचली. बहुतेक शेजारच्या भांडणाची असतात, हे पहिल्या ओळीतच कळतं. हे कार्ड वेगळं होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही तेव्हा मध्य प्रदेश पोलीस, आणि मी भिलाईच्या एका ठाण्याचा टी.आय., म्हणजे ठाण्याचा प्रमुख. नेहरू नगरच्या बाजूला एका गृहनिर्माण सोसायटीनं साठ प्लॉटांची सोडत काढली होती. अर्जदार चारशे बारा. त्यातले बरेच कारखान्यातून निवृत्तीला आलेले. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून ज्याला भिलाईतच राहायचं आहे त्याला प्लॉट ही चैन नव्हती. सोडत कम्प्युटरवर होणार याची शहरभर चर्चा होती. हुडको वसाहतीतल्या हॉलमध्ये टेबलावर मशीन ठेवून, भर दुपारी, सगळ्यांसमोर ती झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या डाकेत कार्ड आलं. हिंदीत चार ओळी: कोपऱ्याचे आठ प्लॉट अमुक आठ जणांना मिळणार. खाली आठ नावं, प्रत्येकापुढे प्लॉटचा नंबर. ठाण्याचा लेखनिक, हेड मोहर्रिर, म्हणाला, "साहब, बासी खबर है. रिजल्ट तो पेपर में छप चुका."

मी कार्ड उलटून पोस्टाचा शिक्का पाहिला. सोडतीच्या आदल्या दिवसाचा होता.

आठही नावं आणि आठही नंबर निकालाशी तंतोतंत जुळत होते. रोजनामच्यात नोंद केली, गुन्हा दाखल केला, धारा ४२० आणि १२०-बी, म्हणजे फसवणूक आणि कट. मशीन आणि त्यासोबतच्या सगळ्या वस्तू पंचांसमोर जप्त केल्या.

संशय सरळ एका माणसावर जात होता. सोडतीच्या वेळी कीबोर्डला हात लावणारा एकच जण होता, खासगी कम्प्युटर सेंटरचा ऑपरेटर. भंडाऱ्याकडचा मराठी माणूस, पस्तिशीचा, वडील कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारे मजूर होते. त्यातच निकालातल्या बाकीच्या बावन्न नावांमध्ये त्याच्या साळ्याचं नाव निघालं. वर्तमानपत्रांनी तेच उचललं. सेंटरच्या मालकानं त्याला घरी बसवलं. माझे वरिष्ठ, सी.एस.पी. साहेब, यांचा फोन आला, "शनिवार तक गिरफ्तारी दिखाइए."

मी त्याला ठाण्यात बोलावलं.

"साहेब, मी काईच नाई केलं. मी फक्त एंटर दाबला."

"आणि साळ्याचं नाव कसं निघालं?"

"मले काय मालूम? त्यानं फॉर्म भरला तवा मले विचारलं बी नाई. अन् साहेब, साळ्यासाठी कोण जेलात जाते? बायकोसाठी जाईन एक वेळ."

बाहेर शिपाई हसले. मी हसलो नाही. चारशे बारा अर्जदार, साठ प्लॉट, म्हणजे जवळपास सातातल्या एकाला मिळणारच होता. साळ्याचं नाव निघणं हा पुरावा नव्हता. आदल्या दिवशी लिहिलेली आठ नावं निघणं, हा होता. पण मी त्याच्याशी मराठीत बोलत होतो, आणि 'टी.आय. साहब अपने आदमी को बचा रहे हैं' ही कुजबुज माझ्या कानापर्यंत आली होती. म्हणून दुसऱ्या दिवशीची चौकशी मी मुद्दाम हिंदीत, दोन फौजदारांसमोर केली. सहा तास चालली. प्रत्येक प्रश्नाला त्यानं नजरेला नजर देऊन उत्तर दिलं. फक्त फ्लॉप्यांचा, म्हणजे माहिती साठवायच्या चकत्यांचा, विषय निघाला की तो चष्मा काढून पुसायचा. मी मोजलं, तीनदा विचारलं आणि तीनदा चष्मा निघाला. माणूस काहीतरी लपवत होता.

मशीन तपासायला अभियांत्रिकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक बोलावले. त्यांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत असं. सोडतीसाठी मशीनमध्ये एक स्क्रिप्ट होती. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला दिलेली कामांची चिठ्ठी, इथं तीन ओळींची. पहिली ओळ, अर्जदारांची यादी ज्या फ्लॉपीवर आहे तिथं जा. दुसरी, 'सोडत' नावाच्या प्रोग्रामला बोलाव. तिसरी, निकाल छाप. चिठ्ठी स्वतः नावं काढत नव्हती. नावं काढणारा प्रोग्राम वेगळा, मशीनच्या डिस्कवर बसलेला. चिठ्ठी त्याला नुसती हाक मारायची.

यादीची फ्लॉपी सोसायटीच्या सचिवानं सोडतीनंतर घरी नेली होती. मागितल्यावर त्यानं ती लगेच आणून दिली, 'हीच ती' असं लिहून सही केली. प्राध्यापकांनी ती लावून वीसदा सोडत काढली. वीस वेळा वेगळी नावं. "स्क्रिप्ट ठीक है, प्रोग्राम भी ईमानदार है," ते म्हणाले. मशीन निर्दोष, फ्लॉपी निर्दोष. उरला ऑपरेटर. शुक्रवारी सकाळी अटकेचा फॉर्म मी टेबलावर काढून ठेवला. हे मी लपवत नाही.

त्याच दिवशी एक साक्ष घ्यायची राहिली होती. निकालाच्या कागदावर सही करणारा सोसायटीचा एक सदस्य भिलाईतल्याच मरोदा वस्तीत राहायचा. आडनाव इथं बदलून साहू म्हणतो. मी घाईत शिपायाला सांगितलं, "मरोदा से साहू को ले आओ."

तासाभरात तो एका म्हाताऱ्याला घेऊन आला. खांद्यावर गमछा, हातात भाजीची पिशवी. म्हाताऱ्यानं हात जोडून छत्तीसगढीत विचारलं, मला का बोलावलं. "मोला काबर बुलाए हव साहब? मैं तो भाँटा लेवत रहेंव."

वांगी घ्यायला निघालेला माणूस साक्षीला आणला होता. सोसायटीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मी शिपायावर ओरडलो.

तो ताठ उभा राहून म्हणाला, "साहब, आपने सड़क नंबर बोला नहीं, क्वार्टर नंबर बोला नहीं. बोले मरोदा का साहू. मरोदा में घुसते ही पहला साहू यही मिला. यही ले आया."

चूक माझी होती. भिलाईत माणूस नावानं सापडत नाही. सेक्टर, सडक आणि क्वार्टर नंबर लागतो. आम्ही समन्सवर बापाचं नावही लिहितो. नुसतं साहू म्हणून हाक मारली तर जो आधी भेटेल तो येणार.

आणि मी तसाच खुर्चीवर बसलो. म्हाताऱ्याला चहा सांगितला आणि प्राध्यापकांना फोन लावला. "सर, ती चिठ्ठी प्रोग्रामला हाक मारते, तेव्हा पूर्ण पत्ता देते की नुसतं नाव?"

त्यांनी कागद चाळून सांगितलं, "सिर्फ नाम."

"मग मशीन त्याला आधी कुठं शोधतं?"

"जहाँ वह उस समय खड़ी है." मग स्वतःच म्हणाले, "यानी फ्लॉपी पर. अरे भगवान."

पहिली ओळ मशीनला फ्लॉपीवर नेत होती. तिथं त्याच नावाचा दुसरा प्रोग्राम असेल, तर मशीन तोच उचलणार, डिस्कवरच्या खऱ्यापर्यंत जाणारच नाही. पण सचिवानं दिलेल्या फ्लॉपीवर यादीशिवाय काही नव्हतं. म्हणजे सोडतीच्या दिवशी लावलेली फ्लॉपी वेगळी असणार, आणि ती आता कशाला उरली असेल?

तेव्हा मला तो चष्मा आठवला.

ऑपरेटरला बोलावलं, दार लावलं, आणि या वेळी मराठीतच बोललो. "हे बघ, दादा. फ्लॉपीबद्दल तू काय लपवतोस ते आता सांग. उद्या माझ्या हातात काही राहणार नाही."

त्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही. हातातच धरला. "साहेब, मी कॉपी ठेवतो."

"कसली?"

"हरेक फ्लॉपीची. कोणाची बी आली का पयले जशीच्या तशी कॉपी मारतो, मंगच लावतो. कारखान्याच्या धुळीनं फ्लॉप्या खराब होतात. एकदा झाली होती तं मालकानं माह्यावर घातलं. पण गिऱ्हाइकाची कॉपी ठेवाची सक्त मनाई आहे. मालूम पडलं तं नोकरी जाते."

"ह्या यादीची आहे?"

"घरी. डब्यात."

"अरे, मग तीन दिवस सांगितलं कावून नाही?"

"तुमी विचारून राहिले होते चोरीचं. मी भेत होतो नोकरीले."

दोन पंच, प्राध्यापक आणि मी हुडकोत त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं फळीवरून चकलीचा मोठा स्टीलचा डबा काढला आणि नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "दिवाळीत बी ह्या डब्याले हात लावू देल्ला नाई यांनी. चकल्या मी पिशवीत ठेवल्या. घ्या, आता सरकारनंच उघडला."

डब्यात एकशे चौदा फ्लॉप्या होत्या, प्रत्येकीवर तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव सुवाच्य अक्षरात. पंचनाम्यात मी एकूण एक नोंदवल्या. हवी ती शहाण्णवावी निघाली. तिच्यावर यादी होती, आणि यादीशेजारी 'सोडत' नावाचा दुसरा प्रोग्राम.

शनिवारी दुपारी ठाण्यातच, पंचांसमोर, सोडत दहा वेळा काढली. पाच वेळा सचिवाच्या फ्लॉपीवर आणि पाच वेळा डब्यातल्या. सचिवाच्या फ्लॉपीवर कोपऱ्याच्या आठ प्लॉटांना दर वेळी वेगळी नावं आली. डब्यातल्या फ्लॉपीवर पाचही वेळा तीच आठ. बाकीचे बावन्न प्लॉट दोन्हींकडे बदलत राहिले. म्हणजे साळ्याचं नाव खरोखर नशिबानं निघालं होतं. दहाही कागदांवर पंचांच्या सह्या घेतल्या.

सचिव समोर बसून पाहत होता. सफारी सूट, तोंडात पान. "इंस्पेक्टर साहब, मशीन की बातें हम क्या जानें? कॉपी तो इसी ने बनाई है, मिलाया भी इसी ने होगा."

वकिलानं कोर्टात हेच म्हटलं असतं, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं सही करून दिलेली फ्लॉपी मशीनमध्ये लावली आणि प्राध्यापकांना यादीची तारीख मोठ्यानं वाचायला सांगितली. यादी त्या फ्लॉपीवर सोडतीनंतर दोन दिवसांनी लिहिलेली होती.

मी विचारलं, "सचिवजी, जी फ्लॉपी सोडतीनंतर दोन दिवसांनी तयार झाली, ती सोडतीत कशी लागली?"

त्यानं पान गिळलं. मग पाणी मागितलं. संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं. आठही त्याचीच माणसं होती, आणि तो प्रोग्राम त्याच्या पुतण्यानं रायपूरला बनवला होता. टेबलावरचा अटकेचा फॉर्म वाया गेला नाही. नाव तेवढं दुसरं लिहिलं.

खटला चालला, शिक्षा झाली, अपिलातही टिकली. त्या काळी असल्या पुराव्यासाठी वेगळा कायदा नव्हता. न्यायाधीशांनी त्या दहा कागदांचा निकालपत्रात उल्लेख केला, याचा मला आजही अभिमान आहे. कार्ड कोणी लिहिलं ते कळलं नाही. त्यानं आमच्यावर भरवसा ठेवला होता, म्हणून मी त्याला उघड करायला गेलो नाही. शिपायासाठी मी सर्व्हिस बुकात चांगल्या शेऱ्याची शिफारस केली. एस.पी. साहेबांनी कारण विचारलं. मी लिहिलं, 'आदेशाचे अक्षरशः पालन.' ते खरंच होतं.

पहिली सोडत रद्द झाली होती, आणि अटकेनंतर दोन महिन्यांनी त्याच हॉलमध्ये ती पुन्हा निघाली. त्या कॉपीनंच सेंटरचं नाव वाचवलं म्हणून मालकानं ऑपरेटरला कामावर परत घेतलं होतं, एंटर त्यानंच दाबला. आधी त्यानं मला बोलावून चिठ्ठीची दुसरी ओळ दाखवली. प्रोग्रामच्या नावाआधी आता पूर्ण पत्ता होता. "वाचा साहेब. सडक नंबर, क्वार्टर नंबर, सगळं टाकलं."

साठ नावं निघाली. त्यात त्याच्या साळ्याचं नाव नव्हतं.

हॉलमध्ये मागे बसलेल्या ऑपरेटरच्या बायकोकडे मी पाहिलं. भावाचा प्लॉट गेला होता. ती डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "जाऊ द्या. त्याले पुढच्या वेळी भेटन. मले माहा माणूस घरी भेटला."

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. माझ्यासमोर मशीनच्या तीन ओळी होत्या आणि एका माणसाचं आयुष्य. ओळी तपासायला मी प्राध्यापक बोलावले, आणि माणसाला मात्र सर्वांत आधी हाताशी आला म्हणून आरोपी धरायला निघालो होतो. मीही मरोद्याचा पहिला साहूच उचलत होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत अटकेच्या कागदावर सही करण्याआधी मी स्वतःला विचारत आलो, हा तोच आहे, की फक्त आधी भेटला म्हणून इथं बसला आहे? त्या प्रश्नासाठी कधी एक दिवस उशीर झाला, वरून बोलणीही खाल्ली. पण माझ्या सहीनं अटक झालेला एकही माणूस 'हा तो नव्हताच' म्हणून कोर्टातून सुटला नाही. हा हिशेब मी ठेवला आहे, आणि तो मला पुरेसा आहे.