न चाखलेलं सूप

सुझान तुस्कानोच्या नाकावर वसईत अख्ख्या आळीचा भरवसा होता. लग्नघरी दीडशे माणसांचं मटण शिजत असायचं. ही झाकण नुसतं किलकिलं करायची, वाफ हुंगायची आणि सांगायची, "मीठ एक मूठ कमी आहे." चाखून पाहिलं की ते तसंच निघायचं.

हेच नाक घेऊन ती अकरा वर्षांपूर्वी कॅनडात मिसिसागाला आली. नवरा कॉस्मस विमानतळाजवळच्या गोदामातून ट्रक चालवतो. मुलगी तान्या हॅलिफॅक्सला नर्सिंग शिकते. आणि सुझान चार वर्षांपासून तासाभरावरच्या एका कॅसिनोत नूडल बारवर कुक आहे.

त्या कॅसिनोत खाण्याच्या जागा बऱ्याच. वरच्या मजल्यावर काचेआड स्टेकहाउस. तिथे जिंकलेले जातात. शेजारी बुफे. तिथे रोज नवी मेजवानी: बुधवारी 'महाराजांची पंगत' म्हणून बटर चिकन, शुक्रवारी लॉबस्टर. नूडल बार मात्र खाली, जुगाराच्या मशीनच्या रांगांच्या मधोमध, पितळी कठड्याच्या आत. हरलेले, घाईतले आणि ज्यांना मशीन सोडवत नाही असे लोक इथले गिऱ्हाईक. मागितलं तर वाडगा थेट मशीनपाशी नेऊन देतात.

बारच्या शेफ लामबाई हाँगकाँगच्या, साठीच्या, अंगाने काडी आणि आवाजाने तोफ. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "इथे शिजेल ते चाखावं लागेल. पोर्क, बीफ, सगळं. जमेल?"

"मी सगळं खाते," सुझान म्हणाली होती.

ते खोटं नव्हतं. फक्त ईस्टरआधीच्या उपवासकाळातले शुक्रवार तिने सांगितले नाहीत. त्या दिवशी मांसाचा कण नाही की रश्शाचा थेंब नाही, हे आईने लावलेलं वळण. वर्षातून सहा-सात दिवसांचा तर प्रश्न. कॅनडातल्या पहिल्या धड नोकरीच्या मुलाखतीत त्याचं पुराण कशाला लावायचं?

बारचा नियम साधा होता. सूप उकळलं की स्वच्छ चमच्याने चाखायचं, आणि भिंतीवरच्या तक्त्यात वेळ घालून सही करायची. उपवासाच्या शुक्रवारी मात्र सुझान वाफ हुंगायची आणि सही करायची. चार वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

यंदाच्या मार्चमधला तो शुक्रवार. सकाळी दहाला लॉकर रूममध्ये तिने डबा उघडला. सुकटीची, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीची चटणी आणि तांदळाची भाकरी. मासळी चालते ना.

"सुझानताई, अहो दार तरी उघडा!" माधवीने नाकाला ओढणी लावली. ही पुण्याची, बारवर वाडगे पोचवायची. "लॉकरमधल्या कोटांनासुद्धा वसईचा वास लागला."

"तुझ्या साबुदाण्याला मेल्याला वासच नाही, म्हणून तुला जळतंय. घे, भाकरीला लावून बघ."

"नको बाई, आज माझी चतुर्थी आहे."

दोघी हसल्या. हात धुऊन सुझान कामाला लागली. दोन मोठी पातेली चढवायची होती, एक चिकनचं, एक मासळीचं. प्रत्येकात मलमलची एक पुरचुंडी सोडायची: चिकनमध्ये आलं आणि सुकी मशरूम, मासळीत आलं आणि सुकी कोळंबी. कोळंबीच्या पुरचुंडीला ती नेहमी लाल दोरा बांधायची. त्या दिवशी लाल रीळ संपलं होतं. दोन्हींना पांढराच बांधला. दोनच तर आहेत, लक्षात राहील, असं म्हणत तिने त्या पातेल्यांत सोडल्या.

मासळीचं पातेलं अजून उकळलं नव्हतं. अकरा वाजता तिने चिकनच्या पातेल्याचं झाकण उचललं. वाफेत सुकटीचा वास होता. तिने बोटं हुंगली, तोच वास. डब्याचाच वास नाकात बसलाय आज, असं मनाशी म्हणून तिने तक्त्यात सही केली.

साडेअकराला जवळच्या केंब्रिज गावाहून निवृत्त मंडळींची बस आली आणि ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची रांग लागली. सगळ्या चिकनच्या, कारण शुक्रवारी मासळीवाले बुफेकडे पळतात. त्यात एक ओळखीची चिठ्ठी होती. गॉर्डन. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला, दर शुक्रवारी येणारा टकला म्हातारा. त्याच्या चिठ्ठीवर नेहमी लाल अक्षरांत असायचं: कोळंबी, खेकडा वर्ज्य, ॲलर्जी. सुझानने वाडगा भरला, वर कांद्याची पात जरा जास्तच टाकली. माधवी तो घेऊन गेली.

मग मासळीच्या सुपाची पहिली ऑर्डर आली. सुझानने पळी बुडवली, आणि वर आलं ते चहाच्या रंगाचं पाणी. मशरूम उतरल्याचा रंग. चिकनच्या पातेल्यात सोया सॉस असतो, तिथे हा रंग एरवी कळतही नाही.

तिने चिमट्याने चिकनच्या पातेल्यातली पुरचुंडी वर ओढली आणि दोरा ओढून सोडला. फुगलेली गुलाबी कोळंबी ट्रेमध्ये सांडली.

"माधवी! गॉर्डनचा वाडगा कुठे दिलास?"

"खिडकीकडे, त्या म्हशीच्या चित्राच्या मशीनवर. का हो?"

"किती वेळ झाला?"

"चार-पाच मिनिटं. अहो, झालं काय?"

"चिकनचं सगळं थांबव! एक वाडगा बाहेर जाऊ देऊ नकोस. शेफना बोलाव!"

आणि सुझान कठड्याचं फाटक ढकलून बाहेर पडली. स्वयंपाकघरातल्या माणसाने खेळाच्या जागेत पाऊल टाकायचं नाही, त्याचा पास वेगळा. हे तिला पक्कं ठाऊक होतं. मागून सिक्युरिटीवाला ओरडला, "मॅम! थांबा!" ती थांबली नाही. चारी बाजूंनी मशीन किणकिणत होती, कुठेतरी कोणीतरी जिंकल्याची शिटी वाजत होती, आणि हिला फक्त एक टक्कल शोधायचं होतं.

म्हशीवाल्या मशीनवर कोणीतरी वेगळीच बाई बसली होती.

"गॉर्डन? म्हातारे गृहस्थ, हातात वाडगा?"

"ते होय? मशीन काही देईना म्हणून उठले. वॉशरूमकडच्या रांगेत बघा."

सुझान धावली. एक रांग. दुसरी. तिसरीच्या टोकाला गॉर्डन. मांडीवर वाडगा, वाडग्यात अर्धं सूप. तिला पाहून तो खुलला.

"सुझी! आजचं फार झकास झालंय. काय घातलंस?"

बोलता बोलता तो ओठ चोळत होता. खालचा ओठ फुगला होता. मानेवर लाल चट्टे उठले होते.

तिने वाडगा हिसकावून खाली ठेवला. "कोळंबी आहे त्यात. माझी चूक झाली. इंजेक्शन कुठेय तुमचं?"

त्याला काही बोलायचं होतं, पण घशातून नुसती शिट्टी निघाली. त्याने कमरेकडे हात नेला. पट्ट्यावरच्या पाऊचची चेन अडकली होती. सुझानने ती दातांनी ओढली, इंजेक्शनचं पेन काढून त्याच्या मुठीत दिलं. त्याला ते धड धरता येईना. मग तिनेच त्याच्या मुठीवर आपली मूठ आवळली आणि पँटवरूनच मांडीत दाबून धरलं. एक, दोन, तीन, मोठ्याने मोजत.

तिला पकडायला आलेला सिक्युरिटीवाला आता गुडघ्यावर बसून रेडिओवर ॲम्ब्युलन्स मागवत होता. शेजारचा माणूस वळून न बघता मशीनचं बटण दाबत होता.

गॉर्डनचा श्वास पुन्हा लागायला सहा-सात मिनिटं गेली. सुझानला ती सबंध उपवासकाळाएवढी वाटली. स्ट्रेचरवरून जाताना त्याने तिच्याकडे बघून एक बोट हलवलं. रागाने की निरोपाचं, हे तिला कळलं नाही.

पाऊण तासाने हॉस्पिटलमधून निरोप आला: धोका टळला, रात्रभर ठेवून घेणार. तोवर गेलेला प्रत्येक वाडगा परत आणवला होता, पातेली ओतून दिली होती, आणि सुझानपुढे अपघाताचा फॉर्म होता. त्यात एक ओळ होती: सूप चाखलं होतं का? नसल्यास कारण.

माधवी शेजारी येऊन वाकली. हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, सर्दी झालीय लिहा. नाक चोंदलं, चव कळली नाही. इथे कोणाला काय ठाऊक?"

"चव कळली नाही म्हणजे चाखलं, असं होतं ना गं."

"मग होऊ दे की! नोकरी जाईल तुमची."

"माणूस जात होता, माधवी."

तिने लिहिलं: चाखलं नाही. उपवासकाळातला शुक्रवार. चार वर्षं अशीच सही करत आले.

लामबाईंनी फॉर्म उभ्याउभ्या वाचला. मग पुन्हा वाचला. तोफ सुटायची म्हणून माधवी मागे सरकली. पण लामबाईंनी ॲप्रनच्या खिशातून तेलकट वही काढली.

"हा मुलगा पोर्क चाखत नाही. ती बीफ चाखत नाही. तुझी ही मैत्रीण काहीच चाखत नाही," त्या एकेका नावावर बोट ठेवत म्हणाल्या. "प्रत्येकाचं मी दुसऱ्याकडून चाखून घेते. दहा सेकंदांचं काम आहे. तू का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही घेतलं नसतं मला."

"घेतलं असतं. तो प्रश्न मी या वहीसाठीच विचारते. आज मात्र घरी बसवणार आहे. दोन आठवडे बिनपगारी. शिवाय वरचे लोक बोलावतील, तेव्हा हेच सांगायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यापुढचं माझ्या हातात नाही."

"हो, शेफ."

लामबाईंनी वहीत सुझानचं नाव घातलं आणि पेन्सिल थांबवून विचारलं, "शुक्रवार किती उरलेत?"

"तीन."

"त्यातले दोन तर तू घरीच आहेस," बाई म्हणाल्या आणि तिसऱ्यापुढे त्यांनी चाखणाऱ्याचं नाव लिहिलं. स्वतःचं.