कणीएवढा विस्तव

पडवीचं सारवण अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात कट्ट्यावर ठेवलेला फोन थरथरायला लागला. काशीने मान वळवून पाहिलं. पडद्यावर लाल फुली. तिच्या लेकाने, साईनाथने, हॉस्पिटलच्या नंबराला ती फुली लावून दिली होती, म्हणजे आईला नाव वाचत बसायला नको. शेणाचे हात आहेत, असं काशीने स्वतःलाच सांगितलं. एरवी शेणाच्या हातानेही ती फोन दोन मनगटांत धरून कानाशी न्यायची.

फोन वाजून वाजून गप्प झाला.

"आई, कुणाचा व्हता?" आतून समीक्षाने, तिच्या सुनेने विचारलं.

"कंपनीवाल्यांचा. रिचार्ज करा म्हनतात."

सकाळची माळ ओढून झाल्याला तास झाला नसेल, आणि त्याच तोंडाने खोटं. काशीने शेणाचा गोळा उचलला, फिरवला, परत तिथेच फिरवला. सारवलेल्यावरच ती सारवत होती.

तशी ती हात स्वस्थ ठेवणारी बाई नव्हेच. मुरबाडकडून लग्न होऊन आटगाव-खर्डीच्या मधल्या या गावात आली, तेव्हापासून लोकांनी तिला बसलेली पाहिली ती फक्त देवापुढे. लावणीच्या चिखलात सगळ्यांच्या पुढे तिची पाठ. गावदेवीच्या देवळात तिन्हीसांजेची वात लावायचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं; सासू लावायची, सासूचे गुडघे गेले, ही लावू लागली, एवढंच. पुढे पुढे सणावाराला काय चालतं, काय चालत नाही, सुतक कुणाला धरायचं, कुणाला नाही, हे गावातल्या बायका भटजीच्या आधी काशीला विचारू लागल्या. काशीने एकदा सांगितलं की सांगितलं. मग त्यावर देवराम, तिचा नवरासुद्धा, काही बोलत नसे.

पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर अंगावरून पुन्हा जायला लागलं, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. समीक्षाने चादर धुताना पाहिलं आणि सासूला रिक्षात घालून शहापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथून तपासण्या, मुंबई, मोठं हॉस्पिटल. गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ होती, कॅन्सरची. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, पूर्ण बरं होण्यासारखं आहे, पण उपचार मध्ये तोडायचा नाही. आधी बाहेरून किरणं झाली. त्यासाठी ती कल्याणला नणंदेकडे राहिली. मग आतून किरणं द्यायची होती, आठवड्या आठवड्याने.

या आतल्या किरणांची पहिली खेप काशीला जन्मात विसरता येणार नव्हती. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं. नळ्या बसवल्या, मशीनमध्ये सरकवून फोटो काढले, त्या फोटोंवर डॉक्टरांचं बराच वेळ काहीबाही चाललं. मग नळ्यांना केबली जोडल्या आणि खोलीतली सगळी माणसं, डॉक्टर, सिस्टर, लादी पुसणारी मावशी, एकामागून एक बाहेर निघून गेली. जाड दार लोटलं गेलं. वर लाल दिवा लागला. काशी एकटी. ती नाम घ्यायला गेली तर नामच आठवेना. मनात एकच आलं, ज्याच्यापासून डॉक्टरसुद्धा पळतो, ते माझ्या अंगात घातलंय.

त्या दिवशी घरी आली ती उंबरा न ओलांडता पडवीत बसली. साईनाथला म्हणाली, "माझं ताट-तांब्या भायेर दे. समीक्षानं माझ्याजवळ यायाचं नाय."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"हां."

हॉस्पिटलात डॉक्टर काशीशी बोलले तेव्हा साईनाथ औषधांच्या खिडकीशी रांगेत होता. त्याला ते खरंच वाटलं. वाटायला कारणही होतं. शेजारच्या आळीतली मालू, रिक्षावाल्या जगनची बायको. गळ्यातल्या गाठीसाठी गेल्या वर्षी तिलाही असंच किरणांचं औषध दिलं होतं. घरी आल्यावर काही दिवस ती वेगळ्या खोलीत राहिली, वेगळं ताट, पोर कडेवर नाही, गरोदर बाईच्या सावलीला नाही. गावाने ते एका दमात समजून घेतलं. बाईने बाजूला बसणं गावाला काही नवीन नव्हतं.

पण बाजूला बसलेल्या बाईला उठायचा दिवस ठाऊक असतो. डोक्यावरून पाणी घेतलं, आत आली. मालूलाही डॉक्टरांनी तारीख दिली होती. काशीला तारीख कुणी दिलीच नाही. तिने मनाशी पुष्कळ उलटसुलट केलं आणि तिला त्याचा एकच अर्थ लागला, की हे संपणारं नाही. प्रत्येक खेपेला आतला विस्तव वाढत जाणार. आणि समीक्षाच्या पोटात पाच महिन्यांचं होतं. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलेलं. त्या वेळी पोरीने भिंतीकडे तोंड करून काढलेले दिवस काशीने पाहिले होते. घर एवढंसं, मधली भिंत कुडाची. विस्तवाला कूड किती दिवस अडवणार?

म्हणून दुसरी खेप यायच्या आदल्या दिवशी तिने साईनाथला सांगितलं, मशीन बंद पडलंय, तेच कळवतील. मनाशी म्हणाली, बाळंतपण होऊन जाऊ दे, मग बघू. गाठीलाही थोडं थांबता येईल. थांबता येईल का? हा प्रश्न रोज पहाटे तिच्या आधी उठायचा. ती पडवीत येरझारा घालायची, माळेचे मणी मोजता मोजता मध्येच सोडून द्यायची. दारातून देव्हाऱ्याची कड दिसायची. वात आता समीक्षा लावायची, थोडी वाकडी.

"वैनी, जमीन खरवडून काढतेस का सारवतेस?"

मालू अंगणात उभी होती. पदरात कैऱ्या. काशीने पटकन हात वर केला. "तितंच थांब."

"थांबले गो. पन किती दिस बसनार हायस? मी तर आठवडाभरात उठले व्हते. लोक म्हनतात, काशीला आता पडवीच नावावर करून द्या."

"तुला तारीख दिली व्हती. मला नाय दिली."

"नाय दिली? विसरले?"

"विसरले असतील."

"डॉक्टर विसरंल, पन त्या सिस्टर? मला तर बजावून बजावून कान किटवले. संडासात दोन डाव पानी टाक, कपडे वेगळे धू, पोराला कुशीत घेऊ नको, पोटुशीपासून लांब ऱ्हा. कागद दिला तो वेगळा. तुला काय काय सांगितलं?"

काशी आठवायला लागली. पाणी भरपूर प्या. ताप आला तर फोन करा. खाली धुऊन स्वच्छ ठेवा. "जड उचलू नको म्हनाले."

"बस? आनि तुला प्यायला काय दिलं व्हतं? मला गोळी दिली व्हती, शिशाच्या डबीतून काढून. ती अंगात जिरते, म्हनून ते सगळं पथ्य."

"प्यायला नाय. नळीतून घातलं काय ते."

"मग नळी काढली का आतच हाय?"

"काढली की. तशी घरी कशी येनार?"

"आनि नळीतलं?"

नळीतलं काय झालं, हे तिला ठाऊक नव्हतं. ते अंगात राहिलं, असं तिने धरून चाललं होतं. तसं कुणी तिला म्हटलं नव्हतं.

मालूने कैऱ्या कट्ट्यावर ठेवल्या. "माझ्याकडं बघून काय? मी काय डॉक्टरीन हाय? ज्यांनी घातलं त्यांना इचार. गावाला तू सांगतेस ना, मनानं ठरवू नका, इचारा म्हनून?"

टोमणा बरोबर जागी लागला. काशीने हंड्यातलं पाणी घेऊन हात धुतले. फोनकडे गेली, परत फिरली, पदराला हात पुसले, पुन्हा गेली. विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागणार, आपण का आलो नाही. तिने लाल फुलीवर बोट ठेवलं. तिला एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा स्पीकर लावून ती बोलायची. साऱ्या पडवीला ऐकू जायचं.

"काशीबाई?" पलीकडे भाविका होती, किरणांच्या विभागातली सिस्टर. "अहो, किती फोन करायचे? परवा तुमचा नंबर होता. टेबल रिकामं राहिलं."

आत भांड्यांचा आवाज थांबला. समीक्षा दारात येऊन उभी राहिली.

काशीने तिच्याकडे पाठ केली. "सिस्टर, एक इचारू? तुमी सगळे भायेर का पळालात त्या दिवशी?"

पलीकडे हसू. "पळालो नाही हो. आम्ही रोज किती पेशंटना देतो. प्रत्येक वेळी आत थांबलो तर आमच्या अंगावर थोडं थोडं साठत जाईल. तुम्हाला हवं तेवढंच द्यायचं, आम्हाला मुळीच नको. आम्ही बाहेरून कॅमेऱ्यात तुमच्याकडेच बघत होतो."

"आनि ते माझ्या अंगात ऱ्हायलं ते?"

"काय राहिलं?"

"तेच. किरनांचं."

आता भाविका हसली नाही. सावकाश सांगू लागली. "मशीनमध्ये एका तारेच्या टोकाला दाणा असतो. तांदळाची कणी असते ना, तेवढा. मशीन ती तार नळीतून आत सोडतं. कुठे किती वेळ थांबायचं, हे आम्ही त्या फोटोंवरून आधी ठरवलेलं असतं. काही मिनिटं. की तार परत आपल्या पेटीत. लाल दिवा विझला, म्हणजे ती पेटीत गेली. तुमच्या आत काही उरत नाही. त्याच मिनिटाला तुम्ही कुणालाही जवळ घेऊ शकता."

"पोटुशी बाईला?"

"तिलाही."

काशी कट्ट्यावर बसली. दूर उताराच्या वावरातून धूर येत होता. देवराम राब भाजत होता. भाताची रोपं टाकायची त्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरून पेटवतात, म्हणजे तणाचं बी जळून जातं. लग्न झाल्यापासून दर साली ती हे करत आली होती. आग वारा पाहून, कड राखून लावायची. बांधापलीकडच्या गवतालाही धग लागू द्यायची नाही. आणि नीट पाहून विझवल्यावर, दुसऱ्या दिवशी त्याच मातीत अनवाणी चालायचं. माती गार असते. तण गेलेलं असतं, आग गेलेली असते.

"राबासारखं," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"काय नाय. पन मालूला तर वेगळं ऱ्हा सांगितलं व्हतं."

"त्यांचं औषध अंगात जिरणारं, ते वेगळं. आणि तुमचंसुद्धा पूर्वी असं नव्हतं. पूर्वी नळ्या दिवस-दिवस आत ठेवायचे. बाईने न हलता उताणं पडून राहायचं, भेटायलासुद्धा कुणी नाही. आता मिनिटांत होतं. गाठ जशी आकसते तसं दर खेपेला नवीन फोटो काढून बेतायचं, म्हणजे लघवीची पिशवी, आतडी यांना कमी चटका बसतो. एवढं सगळं शोधून काढलंय ते तुम्ही घरी बसावं म्हणून?"

"मग एकदाच काय ते देऊन टाका ना."

"कमी खेपांत भागतं का, याचा अभ्यास चालू आहे ठिकठिकाणी. उद्या कदाचित होईलही तसं. तुमचं जे ठरलंय, ते ठरल्याप्रमाणेच पुरं करायचं."

काशीने विचारलं, "परवाचा दिवस चुकला, त्यानं काय बिघडलं?"

भाविका लगेच 'नाही' म्हणाली नाही. काशीला ते ऐकू आलं.

"एक-दोन दिवस आम्ही सांभाळून घेऊ, डॉक्टरांशी बोलते. पण उपचार लांबला की गाठीला पुन्हा वाढायला सवड मिळते. उद्या या. आज रक्ताचा रिपोर्ट लागेल, पेशी कमी असल्या तर भूल देता येत नाही. उपाशीपोटी या. येणार ना?"

"येनार."

फोन ठेवल्यावर मालू कैऱ्यांकडे बघत बसली. समीक्षा दारातच.

"मशीन बंद व्हतं ना, आई?"

काशी फोनचा पडदा पदराने पुसत राहिली.

"कुणापायी केलंत? याच्यापायी?" तिने पोटावर हात ठेवला. आवाज चढलेला नव्हता. "उद्या तुमाला कमी-जास्त झालं असतं, तर याला मी काय सांगायाचं? तुझ्यापायी आजी गेली? जन्माच्या आधी पोराच्या डोक्यावर येवढं वझं ठेवता व्हय? आनि देवाचं नाव घेता दिसभर."

"समीक्षा," मालू म्हणाली.

"तुमी गप बसा काकी. तुमच्या गोळीनं झालं हे सगळं."

"माझ्या गोळीनं काय झालं? माझी गोळी माझ्या गळ्यात गेली." मालू उठून पदर झटकत म्हणाली. पण गेली नाही. जाऊन अंगणातल्या दगडावर बसली.

काशीला वाटलं, काहीतरी म्हणावं. मला तुझी ती भिंतीकडची पाठ आठवत होती, असं म्हणावं. पण ते तोंडात आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "देवाला इचारलं व्हतं मी. त्यानं काय सांगितलं नाय."

"सिस्टरला इचारायचं व्हतं."

"हां. ते आज इचारलं."

समीक्षाने डोळे पुसले आणि साईनाथला फोन लावला. तो ठाण्याला कामावर होता. पलीकडून तो काय बोलला ते काशीला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलला. "आल्यावर भांडा," समीक्षा त्याला म्हणाली, "उद्याची सुटी आधी टाका."

रक्त तपासणारी शहापूरची लॅब दुपारी बंद व्हायची. ऊन वर चढत होतं. काशीची फाईल आतल्या कपाटात होती, आधारकार्ड त्याच फाइलीत. "दे आनून," असं ती म्हणणारच होती, पण समीक्षा चप्पल घालायला वळली होती. काशीचा पाय उंबऱ्याशी येऊन अडला. इतक्या दिवसांची सवय. पायाला अजून कुणी फोन करून सांगितलं नव्हतं. तिने एकदा मागे पाहिलं, मालूने मानेनेच 'जा' केलं, आणि ती आत गेली. देव्हाऱ्यापुढून जाताना हात जोडले, थांबली नाही. थांबायला वेळ नव्हता. मनात एकसारखं परवाचं रिकामं टेबल दिसत होतं, आणि त्या रिकाम्या वेळात आपल्या आत काय काय वाढलं असेल, ते दिसत नव्हतं.

बाहेर मालूने जगनच्या रिक्षाला हाक दिली होती. समीक्षा आधी चढली आणि सरकून तिने शेजारी जागा केली, अगदी खांद्याला खांदा लागेल एवढीच.

काशीला शहापूरला जाऊन रक्त तपासायला द्यायचं होतं.