भाऊजींचे तळपाय

कानाने ऐकणारी आणि डोळ्यांनी बघणारी माणसं जगात खंडीभर आहेत, पण तळपायाने बघणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा धाकटा दीर होता. जव्हारच्या वेशीवर, मोखाड्याच्या रस्त्याला भाऊजींचं गॅरेज होतं. तेव्हा दाभोसा, खोडाळा अशा गावांना माणसं जीपनेच जायची, आणि चारही चाकं ओढणाऱ्या जुन्या सरकारी जीपा लिलावातून सुटून आमच्याकडे मरायला यायच्या. भाऊजी त्यांना मरू देत नसत. देवळाच्या पायरीवर एखादे वेळी विसरतील, पण जीपमध्ये चढताना चपला काढणार म्हणजे काढणार. चालवायला दुसरा कोणी, आणि हे शेजारी डोळे मिटून, दोन्ही तळवे पत्र्याला टेकवून. हिसका टाचेला लागला तर मागच्या चाकांना जोर नेणारा शाफ्ट, चवड्याला लागला तर पुढचा, आणि सगळ्या पायाला मुंग्या आल्या तर मधली पेटी, जिथून जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटला जातो ती. असा त्यांचा हिशोब, आणि तो चुकत नसे.

एकदा एका ड्रायव्हरने चिखलात पुढच्या चाकांना जोर जोडणारा दांडा ओढला आणि डांबरी सडकेवरही गाडी तशीच हाणली. मग गाडी धड वळेना आणि दांडा सुटेना. बाकीचे मिस्त्री पेटी खोलायला निघाले होते. भाऊजी चपला काढून आत बसले आणि म्हणाले, "हिच्या पोटात पीळ पडलाय. उलटी चालव." भर बाजाराच्या दिवशी जीप मैदानात मागे मागे फिरली, भाजीवाल्या बायका शिव्या देत पाट्या उचलून पळाल्या, आणि दांडा सुटला. ही गोष्ट त्यांनी पुढे आमच्या घरी जेवायला बसलेल्या प्रत्येकाला ऐकवली, काहींना दोनदा. गर्व फार. माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून शेजारच्या गिरणीचा पट्टा सैल झालाय म्हणून सांगायचे, आणि तो झालेला असायचा. माझ्या भेगाळलेल्या टाचांकडे बघून म्हणायचे, "वहिनी, हे तर रिमोल्ड टायर, जुन्यावर नवं रबर चढवलेले. यांना काय कळणार?" मी म्हणायची, "तुमचे मखमलीचे आहेत ना, मग ठेवा देव्हाऱ्यात."

पुढे त्यांना साखर निघाली. डॉक्टरने गोड बंद केलं आणि पायाला जपा म्हणाला. भाऊजी दवाखान्यातून निघाले ते थेट जिलबीच्या दुकानात गेले. जाऊबाई रडल्या, मी बोलले, उपयोग शून्य. "डॉक्टरला इंजिनातलं काय कळतं?" एवढंच. आणि गंमत अशी, की त्याच सुमारास त्यांचा हात बसला, असं ते सांगायला लागले. गॅरेजमधून निघालेली प्रत्येक जीप म्हणे लोण्यासारखी चालते. पूर्वी एकेका गाडीच्या खाली दिवसभर पडून असायचे. आता पाय टेकवला, "पास" म्हटलं, की गाडी गेली घाटात.

दाभोशाचा काशिनाथ मात्र ऐकेना. त्याची जीप नुकतीच पास होऊन गेली होती, ती घेऊन परत आला. "शेट, खालून खाडखाड लागतंय. माणसं भरून घाटात न्यायची मला. नाय पटत."

"तुझ्या कानात खाडखाड आहे," भाऊजी म्हणाले. "चल, खोडाळ्यापर्यंत येतो. वहिनी, तुम्हीही चला, साक्षीला."

मला बाजारातून नागली आणायचीच होती, मी बसले. चढण लागली तशी जीप अशी हादरायला लागली की माझी कवळी वाजू लागली. भाऊजी डोळे मिटून, साधू बसल्यासारखे. "लागतंय काही?"

"भाऊजी, माझे दात पडतील."

"वय झालं तुमचं."

तेवढ्यात मला वास आला. चामडं जळल्यासारखा. मी खाली वाकले. त्यांच्या पायाखालचं रबर फाटलेलं, सायलेन्सरने तापलेला पत्रा उघडा, आणि त्यावर भाऊजींचा उजवा पाय निवांत टेकलेला.

"पाय उचला."

"का?"

"उचला आधी!"

उचलला, तेव्हा थोडी कातडी पत्र्यावरच राहिली. काशिनाथने गाडी थांबवली. भाऊजी तळव्याकडे बघत बसले, दुसऱ्याच कोणाचा असावा तसे. ओरडले नाहीत, दुखतच नव्हतं तर ओरडणार कसे? मग म्हणाले, "म्हणजे गाड्या सुधारल्या नव्हत्या."

चाकांना दगड लावून ते तशाच पायाने खाली शिरले. मागचा शाफ्ट हाताने पिळून पाहिला तर तो कटकट वाजला. त्याच्या सांध्यातल्या क्रॉसच्या टोप्यांतून तांबडी भुकटी गळत होती, आतल्या सुया झिजून गेल्या होत्या. पुढच्या उतारावर शाफ्ट तुटून लोंबला असता. त्यांनी तो खोलून काढला, माझ्या पायाशी टाकला आणि नुसत्या पुढच्या चाकांच्या जोरावर जीप जव्हारला आणवली.

मी म्हटलं, आधी दवाखाना. ते म्हणाले, "आधी पास केलेल्या गाड्या." फडकं गुंडाळून, लंगडत, पाड्यापाड्याला जाऊन ड्रायव्हरांना सांगत फिरले, "गाडी घाटात नेऊ नकोस, माझं चुकलंय." ज्या माणसाने कधी भाजीत मीठ जास्त झाल्याचं कबूल केलं नाही, तो हे दारोदार सांगत होता. सगळ्या गाड्या परत आल्या, सगळ्या त्यांनी हाताने तपासल्या. एकही दरीत गेली नाही. पाय मात्र काळा पडला होता. नाशिकला गुडघ्याखालून काढला. मी भेटायला गेले तर म्हणाले, "मागचा शाफ्ट काढलाय फक्त. पुढच्यावर येतो घरी."

आले. पण फार चालले नाहीत. जेवढे होते तेवढे दिवस गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, आणि गाडी तपासायची झाली की मला हाक मारायचे. "वहिनी, चपला काढा." मी जीपमध्ये बसून यायची आणि कुठे लागलं ते सांगायची. ते तोंड वाकडं करायचे, "रिमोल्ड आहेत, पण चालतील."

ते गेल्यावर गॅरेज बंद झालं. अजून खोडाळ्याला जाताना जीपमध्ये बसले की मी चपला काढते. परवा ड्रायव्हर हसला, "आजी, देवळात नाय आली तू."

मी म्हटलं, "टाचेला लागतंय. मागचं बघून घे."

तो हसतच राहिला. पण चढणीच्या आधी उतरला आणि खाली वाकून बघून आला.