दादूंची मॉन्टेसरी

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण शिरगावच्या सुमंगलेला नवऱ्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतलेला आठवत नव्हता. दादूंनी खाणीचा ट्रक चिखलाच्या चढावरून उलटा उतरवला असेल, घरात मात्र त्यांना मिठाचा डबा सापडत नसे. खाण बंद पडून ते घरी बसले आणि 'अगो, माझो तुवालो खंय?' या प्रश्नाला उत्तर देण्यातच सुमंगलेचा अर्धा दिवस जाऊ लागला. टॉवेल बहुतेक वेळा खांद्यावरच असे.

उरलेला अर्धा दिवस ती डिचोलीच्या एका मॉन्टेसरीत मदतनीस होती. तिथे सगळा उलटा कारभार. तीन वर्षांची पोरं आपलं पाणी आपण ओतून घेत, सांडलं तर फडका आणून पुसत. मुलाचं काम आपण उरकलं की त्याचे हात आपणच लुळे करतो, असं हर्षा टीचरांनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. आपण फक्त वाट पाहायची. पोरांची बटणं लावायला सुमंगलेची बोटं शिवशिवत, म्हणून ती हात पदराखाली गुंडाळून बसे.

यंदा टीचरांनी तिचं नाव पणजीच्या प्रशिक्षणाला दिलं. दोन महिने तिथेच राहायचं, आणि परत आली की तीही टीचर. बारावी होताच बोहल्यावर चढलेल्या सुमंगलेला ही हाक ऐकायची फार हौस होती. पण दोन महिने दादूंना जेवू कोण घालणार? निघायला वीस दिवस होते. नवरा साठीचा असला तरी वर्ग तीन वर्षांच्या पोरांचाच घ्यायचा, असं तिने ठरवलं.

पहिली चूक तिचीच झाली. शाळेतलं सामान बुटक्या फळ्यांवर असतं, म्हणून तिनेही तांदूळ, कुळीथ, चहा-साखर गुडघ्याएवढ्या फळीवर मांडलं. सहा फुटी दादू चार दिवसांत कंबर धरून बसले. फळी शिकणाऱ्याच्या उंचीची हवी, असं हर्षा टीचरांनी हसू आवरत सांगितलं आणि डबे वर गेले.

पुढची शिस्त कडक होती. एक डबा जागेवर गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. भांडी खरी, काचेचीसुद्धा. फुटल्याशिवाय जपणं कळत नाही. दादूंनी तीन कप आणि सुमंगलेच्या आईने दिलेली बरणी फोडली. बरणीसाठी ती मागच्या दारी जाऊन रडली, पण केरसुणी त्यांच्याच हातात दिली. करपलेली पेजही त्यांनीच खाल्ली.

"माका जमणा नाय गो," एक दिवस ते पळी टाकून म्हणाले. "ह्या वयात कसली माझी शाळा?"

सुमंगलेने हात पदराखाली घट्ट धरले. "मी हंयच बसलंय," ती म्हणाली. "पण हात लावचंय नाय."

अठराव्या दिवशी भात आणि कुळथाची पिठी ताटात पडली. दादू कौतुकासाठी उभे राहिले. पण मॉन्टेसरीत ऊठसूट शाबासकी देत नाहीत. कशी झाली ते तुम्हीच सांगा, असं सुमंगला म्हणाली. दादूंनी घास घोळवला आणि मीठ कमी पडल्याचं कबूल केलं. आजवर हे वाक्य त्यांनी नेहमी तक्रार म्हणून ऐकवलं होतं.

निघायच्या सकाळी ती पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. दादू बसपर्यंत सोडायला येतील, जाऊ नको म्हणतील, असं तिला वाटत होतं. दादू विळीवर नारळ खोवत होते. करवंटीचा कण खोबऱ्यात पडू नये म्हणून जीभ दातांत धरून ते वाटी हळूहळू फिरवत होते. इतक्या तंद्रीत असलेल्याला हाक मारायची नसते, हाही शाळेचाच नियम. ती चपला हातात घेऊन पायऱ्या उतरली.

डिचोली येईपर्यंत तिचे डोळे वाहत होते. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने घरी कुणी आजारी आहे का, असं विचारलं. नवऱ्याचं आपल्यावाचून आता काही अडत नाही, आणि त्यासाठी आपणच वीस दिवस राबलो, हे त्या बाईला कसं सांगणार?