सारंग मास्तरांचं कपाट

पुस्तक हातात आलं की सारंग मास्तर आधी ते नाकाला लावीत. डोळे मिटून, पानांत नाक खुपसून ते असे उभे राहत की बाजारात सुरमई पारखणारं गिऱ्हाईक आठवावं. मग निकाल लागे. "ओल धरलीय, उन्हात घाला." नाहीतर, "बरं आहे, टिकेल." आत काय लिहिलंय, कोणी लिहिलंय, ही चौकशी पुस्तक वासात पास झाल्यावर.

ही एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीच्या आमच्या मराठी शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. शाळेला ग्रंथालय होतं, म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक काचेचं कपाट होतं आणि त्याला भलंमोठं कुलूप होतं. आमचे हेडमास्तर आप्पा त्या कुलपालाच ग्रंथालयाचा मुख्य भाग समजत. पुस्तक मुलाच्या हाती गेलं की फाटणार आणि घरी गेलं की भिजणार, असं त्यांचं ठाम मत होतं. ते चुकीचं आहे असं म्हणायची सोय नव्हती, कारण पडताळून बघायची संधी त्यांनी कधी कोणाला दिली नव्हती.

सारंग मास्तर मिरकरवाड्याचे, बंदरावरच्या कोळ्यांच्या वस्तीतले. वडील तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, भाऊ तांडेल, घरात हे एकटेच होडी सोडून खडूकडे वळलेले. शिकले ते आमच्याच शाळेत. "काय वो पाध्ये," ते मला एकदा म्हणाले, "चौथी पास होईपर्यंत मी त्या कपाटातल्या लाल पुस्तकाची नुसती पाठ वाचली. काचेतून. आत काय आहे ते आजून कळलं नाय." हे ते हसत सांगत, पण दर वर्षी आप्पांकडे कपाटाची चावी मागत आणि दर वर्षी आप्पा "बघू" म्हणत.

मग एका पावसाळ्यात कपाटात पाणी शिरलं आणि खालचा कप्पा बुरशीनं पांढरा झाला. आप्पा वैतागले. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर त्यांनी चावी मास्तरांपुढे सरकवली. "घ्या. जूनपासून तुम्ही ग्रंथपाल. पण पुस्तकांचं काही वाईट झालं, तर चावी परत. आणि पुन्हा मागायची नाही." मास्तरांनी ती चावी तिथल्या तिथे कमरेच्या करगोट्याला बांधली. माणूस इतका खूश झालेला मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नसेल.

आता चांगल्या माणसानं काय केलं असतं? सुताराला बोलावून फटी बुजवल्या असत्या. पण मास्तर पडले तांडेलाचे चिरंजीव. पाणी आत येऊ नये म्हणून लाकडाला काय करायचं, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच ठाऊक होतं. होडी वर ओढायची, घासायची आणि आतून-बाहेरून मुशी माशाचं तेल पाजायचं. मे महिन्याच्या सुट्टीत भावाकडून डबा आणून त्यांनी त्या कपाटाला तेल पाजलं. बाहेरून पाजलं, आतून पाजलं, कप्प्यांच्या खालूनही सोडलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. उपरणं नाकाला लावून आप्पा व्हरांड्याच्या पायरीवरच थांबले.

"मास्तर, हे काय केलंत?"

"पाण्याचा थेंब आत जाणार नाय, आप्पा."

"थेंबाचं सोडा. मला आत जाता येत नाही."

दुपारपर्यंत बाजारातली मांजरं आली आणि कपाटासमोर शिस्तीत बसली. पहिलीच्या वर्गाला त्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं. वरच्या आळीतून, म्हणजे माझ्याच आळीतून, निरोप आला की त्या पुस्तकांना शिवलेलं मूल आंघोळीशिवाय घरात घेतलं जाणार नाही. आप्पांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "आठवड्यानं डिपुटीसाहेब तपासणीला येतायत. तोवर वास गेला पाहिजे. नाहीतर चावी ठेवा इथे."

मास्तरांनी कपाट शिकेकाईनं घासलं. मग आत धूप घातला. मासळीचा वास गेला नाही, त्याला धुपाची जोड मात्र मिळाली. त्या संध्याकाळी ते करगोट्याच्या चावीशी चाळा करत बसून होते. मला वाईट वाटलं. आयुष्यभर काचेबाहेर उभा राहिलेला माणूस, आत शिरला आणि आठवड्यात बाहेर पडायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी शीळ घालत आली. शाळा सुटताना त्यांनी कपाट सताड उघडलं आणि पुस्तकं मुलांना वाटायला सुरुवात केली. दिसेल त्याला पुस्तक. मिरकरवाड्याच्या पोरांनी ती आनंदानं नेली. त्यांच्या घरी त्या वासाची कोणी दखलही घेतली नाही. वरच्या आळीतल्यांनी सदऱ्याच्या आत लपवून नेली. लाल पुस्तक एका मुलीनं उचललं, तेव्हा मी म्हटलं, "अहो, ते तरी तुम्ही ठेवा."

"मी कपाटवाला," मास्तर म्हणाले. "माझा नंबर शेवटी."

डिपुटीसाहेब आले. आप्पांनी मान दुसरीकडे वळवून कपाटाकडे हात केला. मास्तरांनी दार उघडलं. आत एक मांजर झोपलं होतं, बाकी कपाट मोकळं.

"पुस्तकं कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"वाचायला गेलीत, साहेब. सध्या होड्या वर ओढल्यात. बापये घरी बसून जाळी विणतायत. हात गुंतलेले, कान मोकळे. पोरं वाचून दाखवतात."

"आणि परत कधी येणार?"

"नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या की पुस्तकं कपाटात."

"एखादं नाही आलं तर?"

मास्तरांनी आप्पांकडे पाहिलं. "तर चावी आप्पांची." साहेबांनी मांजराकडे एकदा निरखून पाहिलं आणि "बघू तर पुनवेला," म्हणत ते दुसरीच्या वर्गात गेले.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पुस्तकं येऊ लागली. केळीच्या पानात बांधलेली, जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळलेली, एक तर चक्क लोणच्याच्या धुतलेल्या बरणीतून. एक कोळीण स्वतः आली. म्हणाली, "मास्तर, आमच्या पोरीन आख्खा वाचून दाखवलान. आता दुसरा द्या, मोठासा." मास्तर प्रत्येक पुस्तक नाकाला लावत होते आणि कप्प्यात ठेवत होते. संध्याकाळपर्यंत कपाट भरलं. फक्त लाल पुस्तकाची जागा रिकामी राहिली. ज्या मुलीनं ते नेलं होतं तिला विचारलं, तर ती म्हणाली, कधीच परत दिलं, आणि जमिनीकडे बघत उभी राहिली.

मास्तरांनी तिला एका शब्दानं दटावलं नाही. करगोट्याची गाठ सोडून ते आप्पांच्या खोलीत गेले. मी मागोमाग. त्यांनी चावी टेबलावर ठेवली. "शब्द होता, आप्पा."

आप्पा चावीला हात लावीनात. बराच वेळ टोपी नीट करत बसले. मग टेबलाचा खण ओढून त्यांनी लाल पुस्तक बाहेर काढलं. पानापानात कापूर घातलेला होता.

"त्या पोरीकडून मीच मागून घेतलं," ते म्हणाले. "आधी घरी हिने वाचलंन, आता मी वाचतोय. शेवटचं प्रकरण राहिलंय." आणि चावी मास्तरांकडे सरकवून, "उद्या दिलं तर चालेल का?"

"चालेल की," मास्तर म्हणाले. "पण आप्पा, वास येतोय बरं का. कापराचा."

दुसऱ्या दिवशी लाल पुस्तक घेऊन मास्तर व्हरांड्यात कपाटाला टेकून बसले ते उठेचनात. त्यांचा चौथीचा वर्ग आप्पांनी घेतला, न सांगता.

चावीची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. काही वर्षांनी मास्तर तापानं गेले, तेव्हाही ती करगोट्यालाच होती. त्यांच्या भावानं सोडवून मला आणून दिली. सोबत एक डबाही दिला. म्हणाला, "दर मे महिन्यात आतून-बाहेरून लावा म्हणून सांगितलान."

मी लावतो. त्या दिवशी मला आमच्या घरात मागच्या दारानं, आंघोळ करूनच घेतात. मास्तरांची मला फार आठवण येते. पुस्तकं कोरडी राहतात, आणि शाळा उघडली की आठवड्याच्या आत कपाट रिकामं होतं, मांजर सोडून.